काजव्यानं पाहिलेला घसा

भरतेश मगदूमला गप्प बसवणं त्याच्या आईला जमलं नाही, शाळेतल्या मास्तरांना जमलं नाही, आणि बायकोनं तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो नाद सोडला. पण देवानं बडबडीसोबत गळाही तसाच दिला होता. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुठंही कुस्तीचं मैदान भरलं की निवेदनाला भरतेशच लागायचा. "कुस्तीशौकीनहो, बघा, बघा, पट काढला, काढला, अरं सुटला की रं!" असा तो गरजला की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला भेळ खात उभा असलेला माणूस हातातली भेळ विसरून टाचा उंचावायचा. घरबसल्या व्हीआर चष्म्यात दहा बाजूंनी कुस्ती बघायची सोय झाली होती, तरी लोक मैदानात यायचेच. त्यातले निम्मे आपल्याला ऐकायला येतात, असं निदान भरतेशचं मत होतं.

त्याची थोरली बहीण डॉक्टर पद्मजा नेमकी त्याच्या उलट. मिरजेच्या शीतलनाथ रुग्णालयात ती पॅथॉलॉजिस्ट होती. म्हणजे रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं की कॅन्सर आहे की नाही. इतक्या वर्षांत तिनं हजारो माणसांचे तुकडे पाहिले होते, माणसं मात्र मोजकीच. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तुकड्यांना "बरं आहे ना?" असं विचारावं लागत नाही, हे तिला सोयीचंच वाटायचं.

त्या वर्षी यात्रांचा हंगाम संपला तरी भरतेशचा बसलेला आवाज काही मोकळा होईना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून कांद्याचा रससुद्धा झाला. शेवटी त्याच्या बायकोनं, त्रिशलानं, त्याला जवळजवळ ओढतच रुग्णालयात आणलं. तिथं नुकताच काजवा आला होता.

'काजवा' हे काही त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव जर्मन होतं आणि ते उच्चारताना वॉर्डबॉयच काय, डॉक्टरही अडखळायचे. एक बारीक लवचीक नळी, तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं भिंग. त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे अतिशय छोटे झटके बाहेर पडतात. आपल्या पेशी साखर जाळून शक्ती मिळवतात तेव्हा जी द्रव्यं वापरतात, त्यांतली काही या झटक्यांनी किंचित चमकतात. ती चमक टिपायची आणि जुळवायची, की जिवंत माणसाच्या आतलं, न कापता, पेशी न् पेशी दिसेल असं चित्र तयार होतं. स्वरतंतूंसारख्या जागी तर हे वरदानच होतं. तिथून तांदळाएवढा तुकडा काढला तरी व्रण राहतो आणि आवाज बिघडतो. काजव्याला तुकडा लागतच नव्हता.

एक गोष्ट मात्र बनवणाऱ्यांनी मुद्दाम केली होती. काजव्याचं मूळ चित्र म्हणजे अंधारातल्या राखाडी ठिणग्या. ते डॉक्टरांना वाचता येईना. मग संगणकानं त्याला रंग द्यायला सुरुवात केली, गुलाबी आणि जांभळा. स्लाइडी रंगवायला दीडशे वर्षं जे रंग वापरतात, तेच. सगळे खूश झाले. शिवाय यंत्राला निदान करायलाही शिकवलं होतं. जगभरच्या लाखो जुन्या स्लाइडी दाखवून दाखवून त्याला इतकं तयार केलं होतं, की त्याची चूक काढायची म्हणजे मोठमोठ्यांना घाम फुटायचा.

काजव्यानं भरतेशच्या दोन्ही स्वरतंतूंवर सात ठिपके दाखवले. सातांपुढे एकच शब्द होता, कॅन्सर, सुरुवातीचा. खात्री सत्त्याण्णव टक्के.

"सुरुवातीचा आहे हे चांगलं," घशाचे सर्जन डॉक्टर फिरोज इनामदार म्हणाले. त्यांच्या खोलीत भरतेश, त्रिशला आणि पद्मजा बसली होती. "पण दोन्ही बाजूंना आहे, आणि इतक्या ठिकाणी. किरणं देऊन बघता येईल, पण इतक्या ठिकाणी असताना मला त्याचा भरवसा वाटत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही तंतू काढावेत. जिवाला धोका राहणार नाही."

"आणि आवाज?" भरतेशनं विचारलं. आवाज असा येत होता, जणू कुणी खडबडीत पाट्यावर वाटण वाटतंय.

इनामदारांनी क्षणभर पद्मजाकडे पाहिलं. "कुजबुजता येईल. समोरच्याला कळेल इतकं."

भरतेश हसला. खोटं हसला, ते तिघांनाही कळलं. "म्हणजे कुस्तीशौकिनांच्या एकेकाच्या कानात जाऊन सांगायचं म्हणा की."

"गप्प बसा हो," त्रिशला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "डॉक्टर, तारीख कधीची देताय?"

तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली.

पॅथॉलॉजिस्टांत एक रिवाज आहे. घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचायची नाही, दुसऱ्याकडे द्यायची. मायेनं डोळ्यांवर झापड येते म्हणतात. पद्मजानं तो रिवाज आयुष्यभर पाळला होता आणि त्या दुपारी मोडला. निदान तिच्या हाताखालच्या डॉक्टरानं आधीच सही करून दिलं होतं, यंत्राच्या मताला मान डोलावून. तरी तिनं दार लावून घेतलं आणि भावाचा घसा मोठ्या पडद्यावर उघडला.

गुलाबी, जांभळं. ओळखीचं जग. पेशींची केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. विभागणाऱ्या पेशी नको तितक्या. भावाच्या जागी दुसऱ्या कुणाचा घसा असता तर तिनंही 'कॅन्सर' म्हणून सही ठोकली असती, आणि मग चहा मागवला असता.

पण तिचं मन काही घेईना. फार पूर्वी तिला शिकवणारे सर म्हणायचे, दुरुस्ती चाललेल्या ऊतीतल्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला चुलत भावंडं असतात. जखम भरणारी पेशीही घाईत असते, तीही मोठी, गडद आणि सैरभैर दिसते. भरतेशचा घसा वर्षातले आठ महिने दर रविवारी फाटत होता आणि सोमवारपासून शिवला जात होता. असल्या घशाचं 'नेहमीचं' रूप कसं असतं? हे कुणी कधी पाहिलंय?

तिनं यंत्रालाच विचारलं. तुला शिकवताना दाखवलेल्या स्लाइडींत ओरडून पोट भरणाऱ्या निरोगी माणसांचे स्वरतंतू किती होते?

उत्तर आलं: एकही नाही.

पद्मजा खुर्चीत मागं रेलली आणि एकटीच मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई!" बरोबरच होतं. निरोगी माणसाचा घसा कोण कापतं? यंत्रानं पाहिलेला एकूण एक घसा कशाच्या तरी संशयानं कापलेला होता. बिचाऱ्यानं आयुष्यभर आजारीच माणसं बघितली होती. म्हणजे आजार कसा दिसतो हे त्याला ठाऊक होतं, आरडाओरडा कसा दिसतो हे नव्हतं.

भावाच्या काळजीनं तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. आता भूक लागली. खरं सांगायचं तर त्या क्षणी भावाइतकीच त्या प्रश्नानंही ती पछाडली होती, आणि याची तिला थोडी लाजही वाटली.

त्याच संध्याकाळी ती दुधगावला भरतेशच्या घरी गेली. तो बाहेर ओट्यावर बसला होता. त्रिशला स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापत होती.

"त्रिशला, ऑपरेशन जरा पुढं ढकलू या."

भाकरी थापणारा हात थांबला. "का?"

पद्मजानं सांगितलं. यंत्र, स्लाइडी, चुलत भावंडं, सगळं. त्रिशलानं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"अक्का, एक विचारू? रागवू नका. तुम्हाला याच्यात काहीतरी नवीन घावलंय. तुमचा चेहराच सांगतोय. पण तुम्हाला अभ्यास आहे, आम्हाला संसार आहे. आवाज गेला तर गेला. माणूस तर राहील की घरात."

"आणि आवाज उगाचच गेला तर?"

"आणि माणूस उगाचच गेला तर?" त्रिशला म्हणाली, आणि एवढं बोलून तिचा धीर सुटला. तिनं पिठाचा हात तसाच डोळ्यांना लावला. पद्मजाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण असल्या गोष्टी तिला कधी जमल्या नव्हत्या. ती नुसती शेजारी उभी राहिली.

दारातून भरतेशचा खरखरीत आवाज आला. "त्रिशला, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे ना? तोवर अक्काला काय उद्योग करायचाय तो करू दे. आपलं काय जातंय?"

उद्योग असा होता. पद्मजाला मिरज-सांगलीतले सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारे, ठणठणीत तब्येतीचे लोक हवे होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे पुकारणारे शिवलिंग आवटी आले. मंडईत भाजी विकणाऱ्या हौसाबाई आल्या. कवायतीचे एक मास्तर आले, लग्नाच्या वरातीत घोषणा देणारा एक जण आला, असे करत दहा-अकरा जण जमले. इनामदारांनी आधी कपाळावर हात मारला, पण काजवा रिकामा असेल तेव्हा वापरायला परवानगी दिली. तेही शेवटी जिज्ञासू माणूस होते.

रुग्णालयाच्या बाकांवर इतका गोंगाट त्याआधी कधी झाला नव्हता. 'शांतता राखा' या पाटीखालीच आवटी आणि हौसाबाई हळदीच्या भावावरून वाद घालत होते, आणि दोघांनाही आपण हळू बोलतोय असंच वाटत होतं. आत काजवा आपलं काम करत होता. संध्याकाळपर्यंत निकाल आले. जवळपास सगळ्यांच्या स्वरतंतूंवर तसेच ठिपके होते, आणि यंत्रानं तितक्याच ठामपणे त्या सगळ्यांना कॅन्सर ठरवलं होतं.

"बघा!" पद्मजा इनामदारांना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "सगळी मिरज एकदम आजारी पडली का?"

इनामदार हसले, आणि मग हसता हसता थांबले. "मॅडम, यंत्र ओरडणाऱ्यांना कॅन्सरवाले समजतंय, हे पटलं मला. पण त्यामुळे भरतेशला कॅन्सर नाही, असं कुठं ठरतं? ओरडणाऱ्या माणसाला कॅन्सर होतच नाही का? सातांतला एखादा खरा असला तर?"

पद्मजा पुन्हा पडद्याकडे वळली. आणि तेवढ्यात दारात हौसाबाई येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, माझ्या नरड्यात काय घावलं? ती मशीनवरची पोरगी काय सांगंना, नुसती माझ्या तोंडाकडं बघतीया."

पद्मजाचा जीव चरकला. आपल्याला पुरावा हवा होता म्हणून या लोकांना आपण बोलावलं, पण त्यांना पुढं काय सांगायचं याचा विचार मनाला शिवलाही नव्हता. तुकड्यांशी व्यवहार करायची सवय, दुसरं काय! तिनं हौसाबाईंना खुर्चीत बसवलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच एका रोग्याला तोंडावर सांगितलं, "मला माहीत नाही. पण माहीत करून घेतल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही."

"मग ठीकाय," हौसाबाई म्हणाल्या. "पर लवकर बघा. घोर लावून ठिवू नका."

घोर पद्मजालाच लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरतेशचे सात ठिपके पुन्हा बघत बसली. संशय आला की पॅथॉलॉजिस्ट काय करतो? मेणाचा ठोकळा परत काढायला लावतो आणि आणखी खोलातले काप मागतो. ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की तिनं विचार न करताच फोन उचलला.

"भरतेश मगदूमचा ब्लॉक काढा हो. आणखी काप हवेत मला."

"कुठला ब्लॉक, मॅडम?" पलीकडून विचारलं गेलं. "ही काजव्याची केस आहे ना?"

पद्मजानं फोन ठेवला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

ब्लॉक नव्हताच. तुकडाच काढलेला नव्हता. ती ज्याच्याकडं दोन दिवस टक लावून बघत होती ती स्लाइड नव्हती. तो घसा होता. आणि तो आत्ता बहुधा घरी बसून चहा पीत होता!

किती साधी गोष्ट! कापलेला तुकडा मेलेला असतो. त्याचे हजार काप काढा, ते सगळे एकाच क्षणाचे. म्हणून तर पॅथॉलॉजिस्टला एकदा बघून 'हो' की 'नाही' ते सांगावं लागतं. दीडशे वर्षं तोच शिरस्ता. काजव्यानं पहिल्यांदाच अशी सोय केली होती की तीच जागा, त्याच पेशी, पुन्हा पाहता याव्यात. उद्या, परवा, महिन्यानं. आणि या शहाण्यांनी काय केलं? जिवंत चित्राला गुलाबी-जांभळा रंग फासला, त्याची स्लाइड केली, आणि एकदा बघून मोकळे झाले. यंत्रही तसंच शिकलं, डॉक्टरही तसेच वागले, आणि तीस वर्षांच्या अनुभवाची पद्मजा मगदूम सगळ्यांत पुढं.

ती पळतच इनामदारांकडं गेली. पन्नाशी उलटलेली बाई जिन्यावरून पळतेय हे बघून दोन नर्सा बाजूला झाल्या.

"त्याला गप्प बसवू या," ती धापा टाकत म्हणाली. "महिनाभर. एक शब्द नाही. जखम असेल तर भरेल, ठिपका विरेल. कॅन्सर गप्प बसल्यानं बरा होत नाही. तो राहील. मग पुन्हा काजवा घालून त्याच जागा बघायच्या."

इनामदार म्हणाले, "इतक्या सुरुवातीचा असेल तर महिन्यानं फारसं बिघडणार नाही. फारसं. बिघडणारच नाही असं मी लिहून देणार नाही. आणि निर्णय त्यांचा."

'त्यांचा' म्हणजे भरतेशचा, पण सगळ्यांनी पाहिलं त्रिशलाकडे. ती पद्मजावर नजर रोखून म्हणाली, "अक्का, महिन्यानं वाढलेलं निघालं तर मी तुम्हाला माफ करणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"नको करूस," पद्मजा म्हणाली.

भरतेशनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि मान हलवली. गप्प बसायला त्यानं तिथूनच सुरुवात केली.

आणि काय सांगावं, तो खरंच गप्प बसला! दुधगावात पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं बायकोशी भांडण झालंय. दुसऱ्या आठवड्यात बातमी पसरली की भरतेशअण्णानं मौनव्रत घेतलंय. जैनांच्या घरात हे काही नवल नाही, पण भरतेशनं घेतलंय म्हटल्यावर लोक बघायला यायला लागले. दोन म्हाताऱ्यांनी तर त्याच्या पाया पडायचा घाट घातला. एरवी त्यानं यावर तासभर टोलेबाजी केली असती. आता नुसते हात जोडून तो पाय मागं घ्यायचा, आणि त्यामुळे म्हाताऱ्यांची भक्ती आणखीच वाढायची.

दुधगावचं मैदान दरवर्षी हंगामानंतरच भरायचं, ते त्याच महिन्यात आलं. तो कडेला फेटा बांधून बसला. माइकवर दुसराच कुणीतरी होता आणि त्याला घिस्सा आणि ढाक या डावांतला फरकही धड सांगता येत नव्हता. भरतेशनं उपरण्याचं टोक दातांखाली धरलं आणि पार शेवटच्या जोडीपर्यंत सोडलं नाही. हे त्रिशलानं पद्मजाला सांगितलं, आणि सांगताना तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

मधूनमधून तो मिरजेला बहिणीच्या प्रयोगशाळेत येऊन बसायचा. घरात सगळे 'काय हवंय, काय हवंय' विचारून जीव खातात, हे त्यानं हातवाऱ्यांनी समजावलं. तो बोलेना आणि समोर माणूस बसलेला, म्हणजे पद्मजालाच बोलणं भाग पडलं. आधी तिनं मेणाचे काप पाण्यावर कसे तरंगवतात ते दाखवलं. मग यकृत कसं दिसतं, थायरॉइड कसं दिसतं. मग कधीतरी, न ठरवता, तिनं सांगितलं की कॅन्सरवर सही केल्यावर ती दर वेळी नाव पुन्हा वाचते, वय बघते, आणि लहान वय असलं की त्या दिवशी घरी दिवा न लावता बसते. भरतेश टक लावून ऐकत राहिला. मधेच तोंड घालायची सोय नव्हती, म्हणून तिला शेवटपर्यंत सांगता आलं.

त्या अकरा जणांपैकी पोटापाण्याचा व्यवसाय महिनाभर बंद ठेवणं फार थोड्यांना जमलं. आवटी सुट्टी काढून बसले. हौसाबाईंनी भाजीच्या गाड्यावर सुनेला उभं केलं आणि स्वतः खुणेनं भाव सांगितले. पहिली त्यांचीच तपासणी झाली. दोघांचेही ठिपके विरले होते, नुसते फिकट डाग उरले होते. इतरांनाही आपापल्या सवडीनं गप्प बसून यायला सांगितलं होतं. हौसाबाईंनी आपला निकाल ऐकून मंडईत पेढे वाटले आणि दुपारपासून पुन्हा ओरडायला लागल्या.

मग भरतेशची पाळी आली.

पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती, महिन्यापूर्वीचं आणि आजचं. इनामदार, त्रिशला, भरतेश आणि पद्मजा, सगळे उभे होते. पहिला ठिपका गेलेला. दुसरा गेलेला. तिसरा, चौथा. पद्मजाचे हात गार पडले होते, तरी तिला आतून उकळ्या फुटायला लागल्या होत्या. पाचवा, सहावा, दोन्ही विरलेले.

सातवा होता तसाच होता. डाव्या तंतूवर, पुढच्या बाजूला. नाही, होता तसाही नव्हता. किंचित मोठा झाला होता.

सगळ्यांनी पद्मजाकडे पाहिलं. सांगायचं काम तिचं होतं, आणि तिनं ते इनामदारांवर ढकललं नाही.

"सहा जखमा होत्या," ती म्हणाली. "हा एक कॅन्सर आहे. यंत्र सहा वेळा चुकलं. आणि सगळ्या ओरडणाऱ्यांचं असंच असतं म्हणून मी हट्टानं तुला घरी पाठवलं असतं ना, तर मी एकदाच चुकले असते, आणि तेवढं पुरलं असतं."

त्रिशला तिच्याजवळ आली. पद्मजाला वाटलं, आता ही बोलणार. पण त्रिशलानं तिचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

इनामदार घसा खाकरून म्हणाले, "आता दोन्ही तंतू काढायचा प्रश्नच नाही. एवढा एकच ठिपका काढायचा. त्यातही दोन वाटा आहेत. ठिपक्याच्या अगदी काठानं काढला तर आवाज जवळजवळ पहिल्यासारखा राहील. पण एखादी पेशी मागं राहिली तर तो पुन्हा येईल. म्हणून दर दोन महिन्यांनी काजवा घालून बघत राहावं लागेल, बरीच वर्षं. नाहीतर आजूबाजूचा भाग धरून रुंद काढू. मग जवळजवळ निर्धास्त. पण आवाज जाडा, फाटका होईल. बोलता येईल, मैदान गाजवता येणार नाही."

"काठानंच," पद्मजा पटकन म्हणाली. "यासाठीच तर केलं सगळं. दर दोन महिन्यांनी मी स्वतः बघेन." मग तिला आठवलं की घसा तिचा नव्हता. ती भावाकडं वळली. "आता बोललास तरी चालेल."

भरतेश इनामदारांकडे वळला. "रुंद काढा डॉक्टर," तो म्हणाला.

तिघंही दचकली. ती त्याच्या उत्तराला दचकली की आवाजाला, हे सांगता येत नाही. महिनाभर विसावलेला तो आवाज स्वच्छ, खणखणीत होता. लग्नाआधीच्या भरतेशचा आवाज होता तो!

"अरे, असं काय करतोस?" पद्मजा कळवळून म्हणाली. "ऐक तरी स्वतःचा आवाज!"

"ऐकला की. झकास आहे." तो त्रिशलाकडे बघत होता. "अक्का, महिनाभर गप्प होतो तेव्हा एक बघितलं. ही रात्रीची दचकून उठती. अन् माझ्या छातीवर हात ठेवून बघती, श्वास चाललाय का ते. मला जाग आलेली असती, पर बोलायचं नव्हतं ना, म्हणून गुमान पडून राहायचो. एरवी मी म्हटलं असतं, काय गं, मेलो न्हाई अजून, झोप. अन् हसून विषय उडवला असता. ह्या वेळी उडवता आला न्हाई. रोज बघावं लागलं. आता दर दोन महिन्यानं हिनं तसंच उठत ऱ्हायचं, वर्षानुवर्षं? न्हाई जमायचं मला."

 त्रिशलानं पदर तोंडाला लावला.

"तू आवाज वाचवलास म्हणून निवडता तरी आलं की मला," भरतेश बहिणीला म्हणाला. "महिन्यापूर्वी निवडायला काय होतं?"

पद्मजाला राग आला होता, वाईट वाटत होतं, आणि या बडबड्या भावाचा अभिमानही वाटत होता. ती तशीच बाहेर कॉरिडॉरमध्ये गेली. तो मागोमाग आला.

"ऑपरेशन कधी?" त्यानं विचारलं.

"उद्या करतील." ती भिंतीला टेकून उभी राहिली. "भरत्या, मी तुझ्या एकाही मैदानाला आले नाही रे. गर्दी, धूळ, गोंगाट. आज येईन, उद्या येईन, म्हणत राहिले."

"मग काय झालं?"

"मला ऐकायचंय. आत्ता."

"हितं?" त्यानं आजूबाजूला पाहिलं. बाकांवर रोगी बसले होते, सलाइनचा स्टँड ढकलत एक म्हातारबाबा चालले होते. दारात इनामदार येऊन उभे होते. त्यांनी भरतेशकडे पाहिलं आणि मान हलवली, की कर.

भरतेशनं छाती भरून श्वास घेतला.

"कुस्तीशौकीनहो!"

भिंती हादरल्या. म्हातारबाबा जागच्या जागी थांबले.

"बघा, बघा, मैदानात कोण उतरतंय! दुधगावची डॉक्टर पद्मजा मगदूम! वजन पंचावन्न किलो, उभ्या जन्मात लाल माती बघितलेली न्हाई! अन् समोर कोण? समोर जर्मनीचा काजवा, लाखो कुस्त्या मारलेला, कधी अस्मान न बघितलेला पैलवान! लागली हो सलामी! काजव्यानं पट काढला, अक्का खाली, अक्का खाली, गेली का काय? न्हाई! निसटली! बघा कशी निसटली! आता अक्काचा घिस्सा, काजवा डगमगला, एकदा, दोनदा, सहांदा चितपट, टाळ्या, टाळ्या! पर थांबा मंडळी, थांबा! सातव्याला काजव्यानं मान धरली, सोडंना! अक्काही सोडंना! कोण हटंना! पंच मधी पडले, दोघांचे हात वर केले. कुस्ती बरोबरीत, मंडळी, कुस्ती बरोबरीत!"

बाकांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पळत आलेला रखवालदार ओरडायचं विसरून दारातच उभा राहिला होता. त्रिशला रडत होती आणि हसत होती.

भरतेश घाम पुसत बहिणीजवळ आला. "कसं झालं?"

पद्मजाचा चेहरा डोळ्यांतल्या पाण्यानं भिजला होता आणि ती तो पुसतही नव्हती.

"परत," ती म्हणाली. "परत एकदा म्हण."